आकाशात अचानक काही चमकलं तर नुसता व्हिडिओ काढून थांबू नका! वर्ध्याच्या गच्चीवरून शास्त्रज्ञांना मदत होते ती अशी

तारीख होती 2 एप्रिल 2022. गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या आसपास वर्धा, नागपूर, चंद्रपूरसह अख्ख्या विदर्भाच्या आकाशातून पेटते गोळे एका रांगेत जाताना दिसले. मागे लांबच लांब शेपट्या होत्या. गच्चीवर, अंगणात, चौकात असलेल्या लोकांनी मोबाईल बाहेर काढले. काही मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओंचा पूर आला. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान, तर कुणी थेट क्षेपणास्त्रापर्यंत पोहोचलं.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचं एक मोठं कडं सापडलं. व्यास सुमारे 3 मीटर. उपग्रहांचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं, की हा बहुधा फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चिनी 'लाँग मार्च 3बी' रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. वर्षभर पृथ्वीभोवती फिरून तो वातावरणात शिरला आणि जळत खाली आला.

आता एक प्रश्न. त्या रात्रीचे जे व्हिडिओ तुमच्या फोनवर आले, त्यातल्या किती व्हिडिओंसोबत नेमकी वेळ होती? किती जणांनी कुठून, कोणत्या दिशेला पाहून शूट केलं ते लिहिलं होतं? बहुतेकांवर फक्त "बघा, आकाशात काय दिसतंय" एवढंच असतं. व्हिडिओ कितीही भारी असला तरी वेळ, जागा आणि दिशा नसेल तर शास्त्रज्ञाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. आणि या तीन गोष्टी असतील, तर साध्या माणसाने साध्या साधनाने केलेली नोंद मोठ्या वेधशाळेलाही कामाला लावू शकते. असं अनेकदा घडलं आहे.

आधी समजून घेऊ, 'ट्रान्झियंट' म्हणजे काय?

आपल्याला आकाश कायम तेच वाटतं. सप्तर्षी, मृग, ध्रुव सगळे आपापल्या जागी. पण याच आकाशात दर रात्री काहीतरी अचानक उजळतं आणि काही सेकंदांत, तासांत किंवा महिन्यांत विझून जातं. अशा पाहुण्यासारख्या घटनांना खगोलशास्त्रात 'ट्रान्झियंट', म्हणजे क्षणिक घटना म्हणतात.

यातले मुख्य प्रकार असे:

नोव्हा: दोन ताऱ्यांची जोडी असते. त्यातला एक मेलेला, अतिशय दाट तारा म्हणजे श्वेत बटू. तो शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेत राहतो. पुरेसा वायू साठला की पृष्ठभागावर प्रचंड स्फोट होतो. तारा मात्र शिल्लक राहतो आणि पुन्हा वायू साठवायला लागतो.

सुपरनोव्हा: इथे ताऱ्याचाच शेवट होतो. एक तारा काही दिवस अख्ख्या दीर्घिकेच्या तोडीचा प्रकाश देतो.

किलोनोव्हा: दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हा होणारा स्फोट. हा काही दिवसांतच मावळतो.

गॅमा किरणांचा स्फोट: सेकंदाच्या अंशापासून काही मिनिटांपर्यंतचा झोत. मागे उरलेली 'धग' मात्र काही तास किंवा दिवस दिसू शकते.

उल्का किंवा रॉकेटचे जळणारे तुकडे हे तसं पाहिलं तर आपल्या वातावरणातले खेळ. पण पाहणाऱ्याचं काम दोन्हीकडे सारखंच असतं. घटना पुन्हा घडणार नाही, म्हणून जे पाहायचं ते तेव्हाच पाहायचं आणि नीट लिहून ठेवायचं.

एवढ्या मोठ्या दुर्बिणी असताना हौशी लोकांची गरज काय?

हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेतली 'झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी' उत्तरेकडचं आकाश पुन्हा पुन्हा तपासत असते. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने जून 2025 मध्ये पहिली छायाचित्रं दाखवली. तिथला कॅमेरा 3,200 मेगापिक्सेलचा आहे आणि बदललेल्या वस्तूंच्या लाखो सूचना एका रात्रीत देण्यासाठी ही यंत्रणा उभारली आहे.

तरीही हौशी निरीक्षक लागतात. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण: तेजस्वी वस्तू मोठ्या कॅमेऱ्यांना झेपत नाहीत. सूर्याकडे मोबाईल धरला की फोटो पांढराफटक होतो ना? तसंच. अंधूक वस्तू टिपण्यासाठी बनवलेल्या कॅमेऱ्यात ठळक तारा नुसता पांढरा डाग होऊन जातो आणि त्याची चमक मोजता येत नाही. म्हणजे जी घटना सगळ्यात ठळक, तिच्यासाठी छोटी दुर्बीणच कामाची.

दुसरं कारण: शोध लागणं ही फक्त सुरुवात असते. नवी वस्तू सापडल्यावर ती किती वेगाने उजळली, कधी शिखरावर गेली, किती दिवसांत उतरली हे सतत मोजावं लागतं. या मोजमापांचा जो आलेख तयार होतो त्याला प्रकाशवक्र म्हणतात. स्फोट कोणत्या प्रकारचा होता हे ओळखण्यात त्याची मोठी मदत होते. शोधानंतरच्या या कामाला 'फॉलो-अप' म्हणतात. मोठ्या दुर्बिणीचा वेळ महिनोन् महिने आधी वाटून दिलेला असतो. रोज रात्री त्याच ताऱ्याकडे पाहत बसणं तिला परवडत नाही. हौशी माणसाला परवडतं.

तिसरं कारण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: पृथ्वी गोल आहे. वर्ध्यात रात्रीचे 9 वाजतात तेव्हा लंडनमध्ये दुपार असते, चिलीत दुपारच्या जेवणाची वेळ आणि कॅलिफोर्नियात सकाळ. म्हणजे युरोप आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या दुर्बिणी त्या क्षणी आंधळ्या असतात. काही तासांत रूप बदलणारी घटना तेव्हा घडली, तर ती पाहायला आशियातलंच कुणीतरी जागं असावं लागतं.

नेमक्या याच विचाराने आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेने लडाखमधल्या हानले इथे 'ग्रोथ-इंडिया' ही 70 सेंटीमीटरची स्वयंचलित दुर्बीण उभारली. 2018 पासून ती अशाच घटनांच्या मागावर आहे. पण तिलाही एका वेळी एकाच दिशेला पाहता येतं. हानलेला ढग असतील तर काय? म्हणून ठिकाणं जितकी जास्त, तितकं बरं.

हौशी लोकांनी खरंच काही मिळवून दिलंय का?

हो, आणि ते छोटंमोठं नाही.

20 सप्टेंबर 2016. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात व्हिक्टर बुसो हे कुलुपं-किल्ल्यांचं काम करणारे गृहस्थ घराच्या गच्चीवर नवा कॅमेरा तपासत होते. 40 सेंटीमीटरची दुर्बीण त्यांनी एका दीर्घिकेकडे वळवली आणि एकामागून एक फोटो घेतले. काही वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की आधीच्या फोटोंत नसलेला एक ठिपका नंतरच्या फोटोंत आहे आणि तो वाढतोय. सुपरनोव्हाचा अगदी पहिला प्रकाश त्यांच्या कॅमेऱ्यात आला होता. बुसो यांनी लगेच इतरांना कळवलं, मोठ्या वेधशाळा कामाला लागल्या आणि 2018 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत शोधनिबंध आला. नशीब होतंच. पण फोटोंवर नेमकी वेळ होती आणि त्यांनी त्याच रात्री कळवलं, म्हणून नशीब उपयोगी पडलं.

दुसरं उदाहरण थेट महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. 'आरएस ऑफियुकी' नावाचा एक तारा साधारण दर 15-20 वर्षांनी नोव्हासारखा उसळतो. फेब्रुवारी 2006 मध्ये तो उसळला, तेव्हा जपानमधल्या हौशी निरीक्षकांनी ते आधी पाहिलं. बातमी पसरली आणि पुण्याजवळ नारायणगावच्या खोडद इथल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीने त्याच्याकडे कान लावले. या ताऱ्याकडून 1.4 गिगाहर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी मिळाल्याची पहिली नोंद खोडदहून झाली.

ऑगस्ट 2021 मध्ये तोच तारा पुन्हा उसळला. या वेळीही खबर दिली ती आयर्लंड आणि ब्राझीलमधल्या हौशी निरीक्षकांनी. दुसऱ्याच रात्री नामिबियातल्या 'हेस' दुर्बिणी तिकडे वळल्या आणि नोव्हातून अतिशय उच्च ऊर्जेचे गॅमा किरण येतात हे पहिल्यांदाच दिसलं. एक दिवस उशीर झाला असता, तर सुरुवातीची मोजमापं हातची गेली असती.

आणि भारतातलं जुनं उदाहरण हवं असेल तर राधागोविंद चंद्र यांचं नाव घ्यावं लागेल. बंगालमधल्या जेसोरला ते सरकारी तिजोरीत नोकरी करत. छोट्या दुर्बिणीतून आकाश पाहायचा नाद होता. जून 1918 मध्ये गरुड तारकासमूहात उसळलेला नोव्हा त्यांनी स्वतंत्रपणे टिपला. पुढे अमेरिकेतल्या 'आव्सो' या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेला त्यांनी 37 हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या. संघटनेने त्यांना वापरायला मोठी दुर्बीणही धाडली.

सगळे ज्याची वाट पाहतायत तो तारा

आता ही गोष्ट तुमच्या गच्चीवर आणू.

उत्तर मुकुट नावाचा एक छोटा तारकासमूह आहे. स्वाती आणि अभिजित हे दोन ठळक तारे ओळखता येत असतील, तर त्यांच्या मधोमध, स्वातीकडे थोडं सरकून अर्धगोल कड्यासारखे तारे दिसतात. तोच उत्तर मुकुट. त्याच्या कडेला 'टी कोरोने बोरिआलिस', थोडक्यात 'टी सीआरबी' नावाचा तारा आहे. एरवी तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण 1866 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 1946 मध्ये तो अचानक ध्रुवताऱ्याइतका ठळक झाला होता. दोन्हींमध्ये अंतर 80 वर्षांचं. त्यामुळे पुढच्या स्फोटाकडे जगभरातले निरीक्षक डोळे लावून बसले आहेत.

स्फोट झाला की त्याची चमक काही तासांतच सुमारे दीड हजार पटींनी वाढते आणि साधारण आठवडाभरात तो पुन्हा डोळ्यांआड होतो. चढतानाचे ते पहिले काही तास सगळ्यात मोलाचे. आणि तेव्हा नेमकी भारतात रात्र असेल, तर?

वर्ध्याची जागा यासाठी चांगली आहे. वर्ध्याचं अक्षांश साधारण 20.7 अंश उत्तर आणि हा तारा आकाशात जवळपास 26 अंश उत्तरेला. म्हणजे तो वर्ध्याच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. फेब्रुवारीत पहाटे, मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास तो सगळ्यात उंच असतो. अडचण एकच. जुलैत तो संध्याकाळीच डोक्यावर येतो आणि तेव्हा विदर्भात पावसाळा असतो. म्हणूनच ढग नसलेली प्रत्येक रात्र मोलाची.

या ताऱ्याने एका माणसाला चांगलाच चटका दिला होता. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या शेतकरी कुटुंबातले लेस्ली पेल्टिअर हे नावाजलेले हौशी निरीक्षक. त्यांनी 25 वर्षं या ताऱ्यावर नजर ठेवली होती. फेब्रुवारी 1946 मधल्या त्या रात्री ते पहाटे अडीचचा गजर लावून उठलेही, पण सर्दी होतेय असं वाटलं म्हणून पुन्हा झोपले. नेमका त्याच रात्री तारा उसळला. हा किस्सा पेल्टिअर यांनी स्वतःच सांगून ठेवला आहे.

पण पेल्टिअर यांची ती 25 वर्षं वाया गेली का? अजिबात नाही. "आज पाहिलं, काही बदल नाही" ही सुद्धा नोंदच असते. स्फोटाआधी तारा कसा वागत होता, हे अशाच हजारो कंटाळवाण्या नोंदींतून कळतं. स्फोट नेमका कधी सुरू झाला हे ठरवायलाही "या वेळेपर्यंत झाला नव्हता" असं सांगणारी नोंद लागते.

मग नोंद करायची कशी?

1. नुसत्या डोळ्यांनी किंवा द्विनेत्रीने. ताऱ्याच्या चमकेला खगोलशास्त्रात 'प्रत' म्हणतात. आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक. तुमच्या ताऱ्यापेक्षा थोडा ठळक एक तारा आणि थोडा अंधूक दुसरा तारा निवडायचा. समजा त्यांच्या प्रती 4.0 आणि 5.0 आहेत आणि तुमचा तारा बरोबर मधोमध वाटतो, तर त्याची प्रत 4.5. कोणते तारे तुलनेला घ्यायचे याचे नकाशे 'आव्सो'च्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. नोंद पाठवण्यासाठी निरीक्षक क्रमांक घ्यावा लागतो. त्यालाही पैसे पडत नाहीत.

2. डीएसएलआर कॅमेऱ्याने. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून काही सेकंदांचे अनेक फोटो घ्या. फाईल 'रॉ' स्वरूपातच ठेवा. फोकस किंचित सैल केला तर ताऱ्याचा प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो आणि मोजमाप चांगलं येतं. फोटो सुंदर करायच्या नादात एडिट केलेली फाईल मोजमापाच्या कामाची राहत नाही.

3. स्मार्ट दुर्बिणीने. हल्ली बाजारात मिळणाऱ्या छोट्या स्मार्ट दुर्बिणी स्वतःच तारा शोधतात आणि फोटो घेतात. त्यांच्या मूळ फाईल जपून ठेवल्या, तर त्यातून गंभीर मोजमाप होऊ शकतं.

4. मोबाईलने. फोनचा नाईट मोड अनेक फोटो जोडून चमक स्वतःच्या मनाने बदलतो. त्यामुळे ताऱ्याची प्रत मोजायला तो भरवशाचा नाही. पण पाडव्याच्या रात्रीसारख्या घटनेसाठी मोबाईल उत्तम. व्हिडिओत घर, झाड, टॉवर असं काहीतरी स्थिर दिसू द्या. त्यावरून नंतर दिशा आणि उंची काढता येते. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण 10 अंश झाकते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सगळ्यांसाठी एक नियम: वेळ मिनिटापर्यंत, जमल्यास सेकंदापर्यंत लिहा. जागतिक नोंदींत 'यूटी' ही वेळ वापरतात. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा केले की यूटी मिळते. रात्री 9 म्हणजे 15:30 यूटी.

'मला काहीतरी नवीन दिसलं!' असं वाटलं तर?

आधी थांबा. दहापैकी नऊ वेळा ती ओळखीचीच गोष्ट असते, असं समजून चला. शुक्र आणि गुरू अनेकांना फसवतात. स्टारलिंक उपग्रहांची रांग तर दर काही महिन्यांनी व्हायरल होते. दुर्बिणीच्या फोटोत नवा ठिपका दिसला, तर तो लघुग्रह किंवा कॅमेऱ्यातला दोषही असू शकतो. काही मिनिटांनी दुसरा फोटो घ्या. जुन्या फोटोशी ताडून पाहा. जमलं तर दुसऱ्या गावातल्या मित्राला तोच भाग पाहायला सांगा.

जळत जाणारी वस्तू उल्का की रॉकेट, हेही वेगावरून बरंच कळतं. उल्का बहुतेकदा काही सेकंदांत संपते. कक्षेतून खाली येणारा कचरा त्यामानाने सावकाश जातो, कधीकधी मिनिटभर दिसतो आणि त्याचे तुकडे रांगेत चालल्यासारखे वाटतात. मोठी उल्का दिसली, तर आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. अनेक ठिकाणांहून नोंदी आल्या, की ती कुठून आली आणि तिचे तुकडे कुठे पडले असतील याचा अंदाज बांधता येतो.

हे तुकडे किती मोलाचे असतात, ते शेजारच्या नागपूर जिल्ह्यात दिसलं. 22 मे 2012 रोजी काटोलला उल्कापाषाण पडले. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने गोळा केले. त्यातल्या एका तुकड्याच्या अभ्यासातून पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असलेल्या खनिजांबद्दल नवी माहिती मिळाली आणि 2021 मध्ये ती जगासमोर आली.

पुढे काय?

गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ होणार आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. वर्ध्यापासून ती जागा सरळ रेषेत साधारण 200 किलोमीटर. गुरुत्वीय लहरी आल्या की आकाशाच्या अमुक भागात काहीतरी आदळलंय एवढंच कळतं. नेमकं कुठे, ते प्रकाश शोधूनच ठरवावं लागतं. ऑगस्ट 2017 मध्ये दोन न्यूट्रॉन तारे आदळले, तेव्हा त्यांचा प्रकाश सापडायला सुमारे 11 तास लागले होते. अशा शोधात हौशी निरीक्षकांना सामील करून घेणारा 'किलोनोव्हा-कॅचर' हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प आजही चालू आहे.

महाराष्ट्रात सोबत शोधायची असेल तर तीही आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून काम करतेय. मुंबईत खगोल मंडळ आहे, चंद्रपुरात स्काय वॉच ग्रुप आहे. आणि अंधार हवा असेल तर नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. जानेवारी 2024 मध्ये त्याला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली.

पण खरा प्रश्न आपल्या गावच्या अंधाराचा आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी इथल्या गच्चीवरून आज जेवढे तारे दिसतात, तेवढे पुढच्या दहा वर्षांत दिसतील का? रस्त्यावरचा दिवा खाली रस्त्यावर उजेड पाडायला असतो. तो वर आकाशात गेला तर वीजही वाया आणि तारेही गायब. दिव्यावर टोपी बसवायला मोठा खर्च लागत नाही.

आज रात्री आभाळ मोकळं असेल, तर पाच मिनिटं वर जा. उत्तर मुकुट वर आला असेल तर त्याच्याकडे पाहा. नवा तारा दिसला नाही, तरी वहीत तारीख, वेळ, गावाचं नाव लिहा आणि पुढे लिहा, 'बदल नाही'.